भंगार आणि संग्रहालय यांच्या मधले वाहन

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील जुन्या वाहनांचा वाद सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२५ रोजी एका नव्या रेषेवर आणून ठेवला. दहा वर्षांहून जुनी डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोल वाहने केवळ वयामुळे कारवाईला पात्र ठरू नयेत, असे संरक्षण न्यायालयाने त्याच वर्षी १२ ऑगस्टला सरसकट सर्व वाहनांना दिले होते. डिसेंबरच्या आदेशाने ते ‘भारत स्टेज-४’ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित झाले. त्याहून जुन्या मानकांच्या वाहनांवर कारवाई करण्यास प्रशासन पुन्हा मोकळे आहे.

हवेच्या दृष्टीने ही रेषा आधीच्यापेक्षा निश्चितच शहाणपणाची आहे. वयापेक्षा उत्सर्जनाच्या मानकाला महत्त्व देणे तर्कसंगत आहे. तथापि या रेषेच्या पलीकडे उरलेल्या वाहनांत एक वर्ग असा आहे, ज्याचा विचार ना न्यायालयापुढे झाला ना धोरणकर्त्यांपुढे. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, नातवाने पुन्हा उभी केलेली आणि आजही माल किंवा माणसे वाहणारी गाडी हा तो वर्ग. भारतीय कायद्याला जुन्या वाहनाच्या दोनच गती ठाऊक आहेत: ते मोडीत निघावे किंवा शोभेची वस्तू व्हावे. दुरुस्त होऊन कामाला लागलेल्या जुन्या गाडीला आपल्या कायद्यात नावच नाही. हा प्रश्न केवळ हौसेचा असता तर त्याला या स्तंभात जागा मिळाली नसती. परंतु त्यात उपजीविका, कारागिरी आणि प्रदूषण नियंत्रणाची विश्वासार्हता या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

मानेभंज्यांगचा धडा

या वर्गाचे सर्वांत बोलके उदाहरण पश्चिम बंगालच्या उत्तर टोकाला, दार्जिलिंग जिल्ह्यात सापडते. नेपाळच्या सीमेवरील मानेभंज्यांग या लहानशा गावातून संदकफूकडे रस्ता चढतो. संदकफू हे ३,६३६ मीटर उंचीचे त्या राज्यातील सर्वोच्च शिखर. सुमारे ३१ किलोमीटरच्या या वाटेवर चढ इतका उभा आणि वळणे इतकी तीव्र आहेत की सपाटीवरची मोटार तेथे कुचकामी ठरते. काही भागांत आता काँक्रीट पडले असले, तरी कित्येक दशके हा केवळ दगडगोट्यांचा मार्ग होता. या मार्गावर प्रवासी, तांदूळ, गॅस सिलिंडर आणि बांधकामाचे सामान नेण्याचे काम ब्रिटिश बनावटीच्या ‘लँड रोव्हर’ गाड्यांनी केले. त्यांतील बऱ्याच १९५० च्या दशकातील आहेत. चहामळ्यांच्या ब्रिटिश व्यवस्थापकांनी आणलेल्या या गाड्या पुढे स्थानिक कुटुंबांच्या हाती आल्या आणि बापाकडून मुलाकडे जात राहिल्या. २०१८ मध्ये या गाडीच्या सत्तराव्या वर्षानिमित्त उत्पादक कंपनीने या गावावर लघुपट काढला. तेव्हा तेथे अशा ४२ गाड्या चालू स्थितीत असल्याचे सांगण्यात आले होते.

सत्तर वर्षे वयाची गाडी चालू राहते यामागे चमत्कार नसतो, विशिष्ट प्रकारची बांधणी आणि विशिष्ट प्रकारची मेहनत असते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होते. त्यामुळे १९४८ साली आलेल्या या गाडीचा सांगाडा पोलादी ठेवून बाह्य पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे करण्यात आले. म्हणून धुके आणि पावसात वर्षे काढूनही पत्रा गंजून गळत नाही. गंजते ती खालची चेसिस, आणि तिला ठिगळे लावणे, वेल्डिंग करणे हे गावातल्या मिस्त्रीला जमते. इंजिन, गिअरबॉक्स आणि आस यांची रचना इतकी उघडीवाघडी आहे की साध्या पान्यांनी ती खोलता येते. संगणक नाही, सेन्सर नाही; बिघाड डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो.

मात्र मूळ सुटे भाग केव्हाच मिळेनासे झाले. काही लेथवर घडवले जातात, काही दुसऱ्या मृत गाडीतून काढले जातात, काही भारतीय गाड्यांचे जुळवून घेतले जातात. अनेक गाड्यांत मूळ इंजिन जाऊन महिंद्राचे डिझेल इंजिन बसले आहे. या जुळवणुकीलाही इतिहासाचा आधार आहे. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला अमेरिकी ‘विलीज’ जीपची जुळणी सुरू केली. पुढे या जीपचे आणि तिच्यावर बेतलेल्या पिकअपचे सुटे भाग देशभरातील बाजारपेठांत मिळू लागले. ज्याचे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, तेच यंत्र मिस्त्री वापरतो. मानेभंज्यांगची गाडी अशा रीतीने अर्धी ब्रिटिश, अर्धी भारतीय आणि संपूर्णपणे स्थानिक झाली आहे.

हेच चित्र कमी नाट्यमय रूपात देशभर दिसते. हिमाचलच्या सफरचंदाच्या पट्ट्यात बागेपासून मंडीपर्यंतची वाहतूक पिकअपवर चालते. केरळच्या डोंगराळ इडुक्कीत मळ्यांच्या वाटा जीपशिवाय कापता येत नाहीत. १९८६ साली आलेल्या ‘टाटा ४०७’ने कित्येक घरांना पहिले भांडवल मिळवून दिले. अशा घरांत गाडी म्हणजे जमिनीच्या तुकड्यासारखी मालमत्ता असते. तिची वाटणी होते, तिच्यावर कर्ज निघते, तिच्यावर मुलांची लग्ने होतात. ती विकली तर भंगाराची किंमत येते, नीट केली तर आणखी काही वर्षे पोट भरते. दुरुस्तीचा निर्णय येथे भावनेने कमी आणि हिशेबाने अधिक घेतला जातो.

तीन दारे, तिन्ही अरुंद

अशा गाडीच्या मालकासमोर कायद्याने तीन दारे ठेवली आहेत.

पहिले दार नूतनीकरणाचे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे टिकते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी वाढवून घेता येते. माल किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनांना ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे दिल्ली परिसराबाहेर देशव्यापी वयोमर्यादा नाही. वाहन चाचणीत उतरले की ते वैध. तत्त्व उत्तम आहे, परंतु शुल्काच्या रचनेने ते पातळ केले आहे. हलक्या खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढील वाहनांसाठी ते १०,००० करण्यात आले. आयात केलेल्या चारचाकीसाठी ते ८०,००० रुपये आहे. हा शेवटचा रकाना आलिशान परदेशी मोटारी डोळ्यांसमोर ठेवून आखलेला दिसतो. प्रत्यक्षात एखाद्या मळ्यावरची खासगी नोंदणीची, ठिगळे लावलेली जुनी लँड रोव्हरही त्याच रकान्यात बसते. चाचणीचा खर्च वसूल करणे समजण्यासारखे आहे. वाहन चाचणीत उतरत असतानाही त्याला किमतीने हुसकावून लावणे हे वेगळे धोरण आहे, आणि ते तसे उघडपणे सांगितले गेलेले नाही.

दुसरे दार ‘व्हिंटेज’चे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून प्रथमच पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी, अशी ती व्यवस्था आहे. वारसा जपण्याच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्ह होते. पण तिच्या अटी वाचल्या की वारसा म्हणजे कोणाचा वारसा, हा प्रश्न पडतो. ही सोय खासगी वापराच्या दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरती आहे. मालवाहू पिकअप तिच्यात बसतच नाही. वाहन मूळ स्वरूपात हवे; चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. शिवाय ते रस्त्यावर आणता येते केवळ प्रदर्शन, संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी. नियमित किंवा व्यावसायिक वापर निषिद्ध. संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली मोटार या व्याख्येत सहज बसते. पन्नास वर्षे राबलेली गाडी राबली म्हणूनच अपात्र ठरते, कारण राबणाऱ्या गाडीचे इंजिन बदलावेच लागते.

तिसरे दार मोडीचे. १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यास नव्या वाहनाच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य अपेक्षित आहे. त्याखेरीज खासगी वाहनाला पथकरात २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत राज्यांनी द्यावी, असे सुचवलेले आहे. ज्याला नवे वाहन घ्यायचेच आहे त्याच्यासाठी हा चांगला सौदा आहे. ज्याची जुनी गाडी हेच भांडवल आहे आणि नव्या गाडीचा हप्ता परवडणारा नाही, त्याला सवलतीचा उपयोग नाही.

या तिन्ही दारांच्या वर कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे लागू केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. मोठमोठे टायर, कर्कश सायलेन्सर आणि वाढवलेले सांगाडे रस्त्यावर आणणाऱ्यांना लगाम घालण्यासाठी अशी कठोरता आवश्यक होती. परंतु जुन्या पिकअपमध्ये अधिक स्वच्छ, अलीकडच्या मानकाचे इंजिन किंवा अधिक भरवशाचे ब्रेक बसवू पाहणाराही त्याच जाळ्यात येतो. वीज, सीएनजी किंवा एलपीजीवर वाहन चालवण्यासाठी मंजूर संच बसवण्याची मुभा कलमात आहे, आणि दिल्ली सरकारने २०२१ मध्ये जुन्या डिझेल गाड्यांना विजेवर आणण्याची वाट खुली केली. मात्र असा संच त्या त्या वाहनप्रकारासाठी मंजूर करून घ्यावा लागतो. मोजक्याच उरलेल्या जुन्या प्रकारासाठी एवढा खटाटोप कोणता उत्पादक करील? परिणामी मूळ धूर ओकणारे इंजिन ठेवणे कायदेशीर आणि ते सुधारणे संशयास्पद, असा उफराटा न्याय तयार होतो.

कागदावरचे आजोबा

याहून साधी, पण अधिक व्यापक अडचण वारसा नोंदीची आहे. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे आणि तीन महिन्यांत हस्तांतराचा अर्ज करावा, असा नियम आहे. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही. सुचले तरी इतर वारसांची संमती, थकलेला कर आणि तालुक्यापासून दूरचे परिवहन कार्यालय यांत वर्षे जातात. अशा रीतीने कित्येक गाड्या कागदावर आजोबांच्याच नावे राहतात. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता असते, आणि गाडी मोडीत काढायची म्हटली तरी मालकी सिद्ध करावी लागते. २०२१ मध्ये नोंदणी प्रमाणपत्रावर वारसदाराचे नाव आधीच नोंदवण्याची सोय झाली. ही सुधारणा मोलाची आहे, पण ज्यांचे मालक त्याआधीच गेले त्या गाड्यांना तिचा लाभ नाही. जुन्या हस्तांतरांसाठी एकदाच दंडमाफीची मोहीम राज्यांनी राबवली, तर रस्त्यावरच्या जुन्या वाहनांची खरी संख्या तरी हाती येईल.

विरोधी बाजूचे वजन

या युक्तिवादाला दोन गंभीर आक्षेप आहेत आणि ते बाजूला सारता येणार नाहीत. पहिला हवेचा. भारतात उत्सर्जनाची पहिली बंधने पेट्रोल वाहनांवर १९९१ मध्ये आणि डिझेल वाहनांवर १९९२ मध्ये आली. ‘भारत स्टेज-६’ हे मानक एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. या दोन टोकांमधील अंतर प्रचंड आहे. जुने डिझेल इंजिन नव्याच्या अनेक पटींनी सूक्ष्म कण सोडते, आणि कितीही जिव्हाळ्याने बांधले तरी ते नव्याची बरोबरी करू शकत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात श्वास घेणाऱ्या मुलाला त्या गाडीचा कौटुंबिक इतिहास सांगून उपयोग नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात वयाची बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, त्यामागे हीच तळमळ होती.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. जुन्या गाडीत सीटबेल्ट नसतो, आघात शोषणारी रचना नसते आणि ब्रेक आजच्या तुलनेत दुबळे असतात. मालकाने स्वतःचा जीव धोक्यात घालणे एक, आणि भाडे भरणाऱ्या प्रवाशाला त्या धोक्यात बसवणे दुसरे.

तरीही सरसकट वयाची बंदी का आली, याचे कारण तपासले पाहिजे. वय हा प्रदूषणाचा ढोबळ पर्याय आहे. शासनाला प्रत्यक्ष धूर विश्वासाने मोजता येत नाही, म्हणून ते जन्मतारीख मोजते. दिल्लीतील वाहन प्रदूषणावरील महालेखापरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तेथील विधानसभेत मांडला गेला. मर्यादेपेक्षा अधिक उत्सर्जन असूनही एक लाखाहून अधिक वाहनांना पीयूसी प्रमाणपत्र मिळाल्याचे त्यात नमूद आहे. जेथे प्रमाणपत्राचीच ही गत, तेथे नवी पण बिघडलेली गाडी सुखेनैव धूर सोडते आणि जुनी पण निगराणीतली गाडी दोषी ठरते. जुलै २०२५ मध्ये दिल्लीत जुन्या वाहनांना इंधन नाकारण्याचा आदेश काही दिवसांतच गुंडाळावा लागला. लोकक्षोभाचे मूळ या अन्यायाच्या जाणिवेत होते.

शिवाय वयाचा दंडक शहरागणिक बदलतो. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी निवृत्त झाली. कोलकात्यात उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशानंतर व्यावसायिक वाहनांना पंधरा वर्षांची मर्यादा लागू झाली. ‘अॅम्बॅसॅडर’चे उत्पादन २०१४ मध्ये थांबल्याने तेथील पिवळी टॅक्सीही आता मोजक्या दिवसांची सोबती आहे. दाट लोकवस्तीत, दिवसभर फिरणाऱ्या टॅक्सीसाठी असे निर्बंध समर्थनीय आहेत. वर्षातले काही महिने, विरळ वस्तीच्या डोंगरात धावणाऱ्या गाडीला तोच न्याय लावण्याचे कारण दिसत नाही. प्रदूषणाचा परिणाम गाडी किती जुनी यावर जितका अवलंबून असतो, तितकाच ती कोठे आणि किती चालते यावरही असतो.

चौथे दार

इतर देशांनी याची वेगवेगळी उत्तरे शोधली आहेत. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या, सुस्थितीतील वाहनांना १९९७ पासून ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक पाटी मिळते. त्यासाठी तज्ज्ञाची तपासणी आवश्यक असते, आणि अशा गाडीला शहरांच्या पर्यावरण क्षेत्रातही प्रवेश असतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या वाहनांना पथकर माफ आहे आणि मोठा बदल झालेला नसल्यास २०१८ पासून वार्षिक चाचणीतूनही सूट आहे. ब्रिटनची चाचणीमाफी भारताने उचलू नये. आपल्या रस्त्यांवर ती घातक ठरेल. दोन्ही देशांनी मान्य केलेले मूळ तत्त्व मात्र घेण्याजोगे आहे: जुनी गाडी जपायची असेल तर तिला अधूनमधून चालू द्यावे लागते.

भारताला आवश्यक आहे ती नोंदणीची एक चौथी वर्गवारी, वापरात असलेल्या जतन वाहनांची. तीस वर्षांहून जुनी, एकाच कुटुंबाकडे वारशाने आलेली किंवा तेवढाच काळ एकाच परिसरात राबलेली पिकअप, जीप व लहान मालवाहू वाहने तिच्यात घेता येतील. अटी कडक असाव्यात. दरवर्षी स्वयंचलित चाचणी केंद्रात धूर, ब्रेक, सुकाणू आणि चेसिस यांची तपासणी व्हावी. वर्षाला किती किलोमीटर चालवायचे याची मर्यादा असावी. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरे यांत प्रवेश नसावा. भाड्याने प्रवासी नेण्याची परवानगी मोजक्या, अधिसूचित मार्गांवर, सीटबेल्ट आणि वेगमर्यादेच्या अटीवरच मिळावी. यांच्या बदल्यात दोन सवलती द्याव्यात: नूतनीकरणाचे शुल्क चाचणीच्या खर्चाइतकेच असावे, आणि अधिक स्वच्छ इंजिन व अधिक सुरक्षित ब्रेक बसवण्यास कलम ५२ खाली स्पष्ट मुभा असावी. आधीपेक्षा कमी धूर आणि आधीपेक्षा कमी धोका, या कसोटीवर बदल मंजूर व्हावेत.

या वर्गवारीला सुट्या भागांची आणि हातांची जोड लागेल. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तेव्हा मोटार वाहने तिच्या चार क्षेत्रांपैकी एक होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. परंतु उत्पादकांवर कायदेशीर बंधन आलेले नाही. बंद केलेल्या वाहनाची तांत्रिक रेखाचित्रे उत्पादकाने खुली करावीत, एवढी अट घातली तरी लहान कारखानदार ते भाग बनवू शकतील. मोडीत निघणाऱ्या गाड्यांतील चांगले भाग तपासून, क्रमांक देऊन पुन्हा विकण्याची व्यवस्था नोंदणीकृत केंद्रांना करता येईल. सध्या तेथे गाडीचे मूल्य प्रामुख्याने लोखंडाच्या वजनावर ठरते. आणि मिस्त्रीचे काय? लेथवर गिअर घडवणारा, आवाजावरून बेअरिंग ओळखणारा माणूस कोणत्याही आयटीआयचे प्रमाणपत्र न घेता हे शिकला. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची योजना कौशल्य मंत्रालयाकडे आहेच. तिच्यात जुन्या वाहनांच्या पुनर्बांधणीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आला, तर एक विद्या कागदावर टिकेल आणि तिच्यावर चाचणीची शिस्तही येईल.

अशा वाहनांची संख्या देशाच्या एकूण वाहनांच्या तुलनेत किरकोळ असेल. म्हणूनच ही सवलत स्वच्छ हवेच्या धोरणाला भगदाड पाडणार नाही. उलट, यंत्राची जन्मतारीख पाहण्याऐवजी प्रकृती तपासण्याची सवय परिवहन खात्याला यानिमित्ताने लागली, तर तिचा लाभ कोट्यवधी नव्या वाहनांच्या तपासणीतही होईल. त्यासाठी पहिले पाऊल केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने उचलायचे आहे: व्हिंटेज नियमांतील प्रवासी मोटारींपुरती व्याख्या मालवाहू वाहनांपर्यंत वाढवणे आणि ‘मूळ स्वरूप’ या अटीऐवजी ‘सिद्ध सुस्थिती’ ही अट आणणे. त्याला नवा कायदा लागत नाही, एक अधिसूचना पुरते.